देवीची टेकडी आणि दंडावरचा व्रण
धार-देवासच्या निमित्ताने बालकांच्या लसीकरणाचा विचार

देवास शहरात प्रवेश करणाऱ्याचे लक्ष सर्वप्रथम जाते ते गावावर उभ्या असलेल्या टेकडीकडे. या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशी देवीची दोन स्थाने आहेत. माळव्यातील जनता त्यांना 'बड़ी माता' आणि 'छोटी माता' म्हणते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिले होते. त्या वास्तव्याच्या आठवणी त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केल्या आणि पुस्तकाला नाव दिले 'द हिल ऑफ देवी', म्हणजे देवीची टेकडी.

'बड़ी माता' आणि 'छोटी माता' या जोडनावांना हिंदी मुलखात आणखी एक अर्थ आहे. पहिले नाव देवीच्या रोगाचे, दुसरे कांजिण्यांचे. रोगाचा उच्चार करावयाचा नाही, त्याच्या अधिष्ठात्रीचे नाव आदराने घ्यावयाचे, अशी ही रीत. मराठीने तर याच्या पुढचे पाऊल टाकले. आपल्या भाषेत देवतेला 'देवी' म्हणतात, रोगालाही 'देवी' म्हणतात आणि त्या रोगाची लस टोचण्यालाही 'देवी काढणे' म्हणतात. भय, भक्ती आणि प्रतिबंध या तिहींना एकच शब्द पुरला. गेल्या दोनशे वर्षांत या शब्दाचा मधला अर्थ जगातून नाहीसा झाला. तो कसा झाला, आणि तो नाहीसा करणारी शिस्त आज आपल्या घरांतून का टिकली पाहिजे, याचा विचार धार आणि देवास या दोन मराठी संस्थानांच्या निमित्ताने करावा, असा आमचा या लेखामागील हेतू आहे.

पाळण्यावर टांगलेले राज्य

माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. धारला पवारांची एक शाखा स्थिरावली, तर देवासला तुकोजीराव आणि जिवाजीराव या बंधूंनी थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या निर्माण केल्या. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार आणि दोन कारभार असा हा विलक्षण प्रकार १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत चालू होता.

या घराण्यांचा इतिहास आपण लढाया, तह आणि सनदा यांच्या आधारे वाचतो. तो पाळण्याच्या आधारेही वाचता येतो. दुसरे बाजीराव पेशवे यांचा जन्म १७७५ च्या जानेवारीत धार येथे झाला, ही गोष्ट मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १८०७ साली, धारचे आनंदराव पवार निधन पावले. त्यांच्या पत्नी मैनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. गादीवर डोळा ठेवून असलेल्या भाऊबंदांना आणि शेजारच्या प्रबळ सरदारांना तोंड देत त्यांनी राज्य राखले आणि पुत्र रामचंद्ररावास जन्म दिला. परंतु हे मूल लहानपणीच गेले. मैनाबाईंनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्याचेही नाव रामचंद्ररावच ठेवले आणि राज्य वाचविले. या बाईंच्या धैर्याचे कौतुक इतिहासकारांनी केले आहे. आम्हांस येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, त्या काळी एका संस्थानाचे अस्तित्व एका तान्ह्या जिवाच्या श्वासावर अवलंबून असे आणि तो श्वास किती दिवस चालेल याची शाश्वती राजवाड्यातही नव्हती.

पुढेही १८९८ साली धारला आणि १८९९ साली देवासच्या थोरल्या पातीला वारस आला तो दत्तकानेच. प्रत्येक दत्तकविधानामागे बालमृत्यूच होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु राजघराण्यांत दत्तकाची तजवीज इतकी सवयीची झाली होती, यावरून त्या समाजातील बाळंतघराची स्थिती ध्यानात येते. राजाला निदान दत्तक घेण्याची सोय होती. धारच्या कोष्ट्याला किंवा कुक्षीच्या भिल्लाला ती नव्हती. देवी आणि गोवर यांतून पार पडल्याशिवाय मूल आपले म्हणू नये, अशी भावना आपल्याकडे घरोघर होती. त्यात कठोरपणा नव्हता. अनुभवाने शिकविलेली ती सावधगिरी होती. देवीच्या रोगाचा जो उग्र प्रकार हिंदुस्थानात असे, त्यात साधारणतः शंभरातील तीस रोगी दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर वण राहत, आणि पुष्कळांची दृष्टी जाई.

वैद्यकाला हा रोग अपरिचित नव्हता. माधवनिदानात मसूरिकेचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशात शीतलेचे वर्णन आढळते. पण उपाय हाती नव्हता, म्हणून आचार होता. माळव्यात होळीनंतरच्या सप्तमीला शीतलामातेची पूजा होते. त्या दिवशी चूल पेटवीत नाहीत आणि आदल्या दिवशी केलेले थंड अन्न खातात. महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांची शितळा सप्तमी श्रावण शुद्धात येते. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लावावा, परक्याने आत येऊ नये, घरात फोडणी देऊ नये, असे नियम पाळले जात. यातील काही नियमांनी रोग्याला विश्रांती आणि शेजाऱ्याला इशारा मिळत असे, हे मान्य केले पाहिजे. मात्र घरातील इतर मुलांना रोग्यापासून लागण होण्याचा धोका राहतच असे. दाराचा डहाळा त्यांना वाचवू शकत नव्हता.

दंडावरून दंडावर

एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ च्या मे महिन्यात गायीच्या देवीची लस एका मुलाला टोचली आणि १७९८ साली आपला शोध प्रसिद्ध केला. ही लस हिंदुस्थानात आणणे मात्र सोपे नव्हते. दोऱ्यावर किंवा काचेवर वाळविलेला लसीचा अंश लांबच्या उष्ण प्रवासात निकामी होई. अखेर व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा अशा टप्प्यांनी ती मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि यशस्वी झाली. तिच्या दंडावरील फोडातील द्राव घेऊन पुढील मुलांस टोचले. त्यांच्यापासून आणखी पुढे, आणि अशा रीतीने ती देशाच्या इतर भागांत गेली.

या पद्धतीचा बारकावा समजून घेणे आवश्यक आहे, कारण आमच्या विवेचनाचा तोच गाभा आहे. लस टोचल्यानंतर सुमारे आठव्या दिवशी फोड भरून येई. त्याच सुमारास त्यातील द्राव काढून दुसऱ्या मुलाच्या दंडात घालावयाचा. दिवस पुढे गेला तर द्रावाचा गुण जाई. म्हणजे लस बाटलीत नव्हती; ती मुलांच्या अंगात जगत होती. एका गावात टोचलेली मुले आठव्या दिवशी परत आली नाहीत, तर त्या गावापुरती लसच संपे. पुन्हा दूरच्या ठाण्याहून एखादे टोचलेले मूल किंवा द्राव भरलेली काचनळी आणावी लागे. लसीकरणाच्या इतिहासातील पहिली अडचण लस शोधण्याची नसून तिची साखळी तुटू न देण्याची होती.

आई आठव्या दिवशी का येत नसे? इंग्रज अधिकाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'अंधश्रद्धा' या एका शब्दात देऊन टाकले. आमच्या मते ते अपुरे आहे. भरलेला फोड पुन्हा टोकरणे त्या मुलाला दुखे. ज्या मुलाचे काम झाले, त्याच्या आईला त्या वेदनेपासून काही लाभ नव्हता. लाभ दुसऱ्याच्या मुलाचा होता. परक्या मुलाच्या अंगातील द्राव आपल्या मुलाच्या अंगात घालण्यास जातीच्या कल्पनांमुळे विरोध होई हे खरे. परंतु या पद्धतीने एका मुलाचा दुसरा आजार पुढच्या मुलास जाण्याचा धोकाही खराच होता आणि तो युरोपातील डॉक्टरांनीही पुढे मान्य केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या अंगावर लस तयार करण्याची रीत आली, तेव्हा ही अडचण दूर झाली. बेळगावसारख्या ठिकाणच्या संस्थांतून पुढे कित्येक दशके ही लस तयार होत असे. विरोध केवळ उपदेशाने विरघळला नाही. पद्धत सुधारली तेव्हा तो कमी झाला, ही गोष्ट आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दोन पात्यांचे गाव, एकच साथ

ब्रिटिश मुलखात १८८० साली लस टोचण्याचा कायदा झाला आणि ज्या नगरपालिकांना व छावण्यांना तो लागू केला गेला, तेथे मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले. संस्थानांना हा कायदा लागू नव्हता. सेंट्रल इंडिया एजन्सीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली संस्थानांतून लस टोचण्याचे काम चाले. त्याचे यश मात्र दरबाराची इच्छा आणि लोकांची समजूत यांवर अवलंबून राही.

त्यातच माळव्याच्या नकाशाने अडचण वाढविली. धार, देवास, इंदूर आणि ग्वाल्हेर यांची गावे एकमेकांत मिसळलेली होती. देवासच्या दोन पात्यांचा मुलूख तर इतका गुंतलेला होता की, एका गावचा शेतकरी शेजारच्या गावी बाजाराला गेला तर तो परराज्यात जाई. हद्द कोणाची, वसुली कोणाची, फौजदारी कोणाची हे दप्तरात लिहून ठेवता येत होते. साथीला दप्तर वाचता येत नव्हते. एका पातीने नेटाने लस टोचली आणि दुसरीने आळस केला, तर दोघींच्याही मुलांना त्याचे फळ भोगावे लागणार, हे ओघानेच आले. लसीकरणाचे सारे शास्त्र देवासच्या एका रस्त्यावर उभे राहून समजावे असे आहे: शेजाऱ्याचे मूल सुरक्षित असणे हा आपल्या मुलाच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

या प्रदेशात आधुनिक वैद्यक स्थिरावण्यास दोन गोष्टींची मदत झाली. इंदूरला १८७८ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली. पुढे ती किंग एडवर्ड यांच्या नावाने ओळखली गेली आणि तिच्याच परंपरेतून महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. येथे तयार झालेले डॉक्टर आसपासच्या संस्थानांतील दवाखान्यांत गेले. दुसरी गोष्ट म्हणजे कॅनडाहून आलेल्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात धार येथे सुरू केलेले काम. पुरुष डॉक्टरसमोर न येणाऱ्या स्त्रियांपर्यंत स्त्री डॉक्टर पोहोचू शकली, आणि मुलाच्या प्रकृतीचा निर्णय अखेर ज्या ओसरीवर होतो तेथे वैद्यकाला जागा मिळाली. त्या मिशनरी हेतूने आल्या होत्या आणि त्या हेतूविषयी मतभेद असू शकतात. त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर आलेल्या बाळंतिणींना मात्र उपचार मिळाले.

टक्केवारीचा भुलावा

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली भारताने देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. बहुसंख्य लोकांना, म्हणजे सुमारे ऐंशी टक्के लोकसंख्येला, लस टोचली की रोग आपोआप आटोपेल, असा हिशेब होता. काही वर्षांत कागदावर आकडे भरले. कित्येक जिल्ह्यांत ते शंभराच्या घरात गेले. तरीही साथी येतच राहिल्या. तपास केला तेव्हा कारण उघड झाले. लस टोचणारा सहज सापडेल त्याला टोचीत होता. शाळेतील मुले एका जागी मिळत, म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा टोचले जाई. नुकतीच जन्मलेली बालके, मजुरीसाठी फिरणारी कुटुंबे, झोपड्यांच्या वस्त्या आणि दुर्गम पाडे मात्र वगळले जात. शंभर टोचण्या झाल्या म्हणजे शंभर मुले सुरक्षित झाली, असा अर्थ होत नव्हता.

१९६७ नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने धोरण बदलले. रोगी शोधावयाचा, त्याच्या भोवतालच्या प्रत्येक घरात लस टोचावयाची आणि साथीला तेथेच कोंडावयाचे, अशी ही रीत. उष्णतेत टिकणारी गोठवून वाळविलेली लस आणि दोन टोकांची साधी सुई ही तिची साधने होती. १९७३ सालच्या शरद ऋतूत ज्या चार राज्यांत घरोघरी शोधाची मोठी मोहीम सुरू करावी लागली, त्यांत उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल यांच्याबरोबर आपला मध्य प्रदेशही होता. १९७४ सालची साथ भयंकर होती. त्या एका वर्षात देशात एक लाख ऐंशी हजारांहून अधिक रोग्यांची नोंद झाली. आणि तरीही पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, भारतातील शेवटचा रोगी नोंदला गेला. एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले आणि ८ मे १९८० रोजी सारे जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

त्यानंतर देवी काढणे बंद झाले. आज साठीच्या पुढील माणसाच्या दंडावर किंवा मनगटाजवळ देवीच्या लसीचे गोल वण दिसतात. त्याच्या नातवाच्या दंडावर ते नाहीत. नातवाला ते नकोत, कारण आजोबांच्या पिढीने ते घेतले. मानवी इतिहासात एखादा उपाय स्वतःच्या यशाने अनावश्यक ठरल्याची अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

एक डोस आणि पुरा क्रम

देवीच्या बाबतीत मिळालेले हे यश एका अर्थाने आपली दिशाभूल करणारेही ठरले. देवीचा विषाणू माणसाखेरीज अन्यत्र राहत नव्हता, रोगी चटकन ओळखू येत असे आणि लसीचा प्रभाव एका टोचणीने पुष्कळ वर्षे टिके. बालपणातील इतर रोग इतके सरळ नाहीत. १९७८ साली भारताने विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू केला, १९८५ साली त्याला सार्वत्रिक रूप दिले आणि त्यात गोवराची लस आली. तेव्हापासून 'लस टोचली का?' हा जुना प्रश्न अपुरा झाला. 'सर्व डोस वेळेवर पुरे झाले का?' हा नवा प्रश्न त्याच्या जागी आला.

जन्मतः क्षयाची बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आदींपासून रक्षण करणारी पंचगुणी लस व तिच्या जोडीच्या लसी. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेला. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि इतर लसींची उजळणी. पाच-सहा वर्षांच्या वयात घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची पुन्हा उजळणी. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प. हा क्रम वाचताना पालक विचारतात, एकदा टोचल्यावर पुन्हा पुन्हा कशासाठी?

त्याचे उत्तर गोवराच्या साध्या हिशेबात आहे. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसाने शंभरातील सुमारे पंच्याऐंशी मुलांना संरक्षण मिळते, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्ये काही मुलांच्या अंगात अद्याप शिल्लक असतात व ती लसीला दाद देत नाहीत. ज्या गावात वर्षाला शंभर मुले जन्मतात आणि त्यांतील ऐंशींना एकच डोस मिळतो, तेथे प्रत्यक्षात अडुसष्टच मुले सुरक्षित होतात. बत्तीस राहतात. तीन वर्षांत ही संख्या शहाण्णववर, म्हणजे जवळजवळ एका पूर्ण वर्षाच्या बालकांइतकी होते. मग एखाद्या लग्नसराईत किंवा जत्रेत एक रोगी येतो आणि वाळलेल्या गवतात ठिणगी पडावी तसे होते. गोवर इतका संसर्गजन्य आहे की, त्याला थोपविण्यासाठी समाजातील सुमारे पंच्याण्णव टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. दुसऱ्या डोसाचे प्रयोजन हेच: पहिल्याने जे सुटले त्यांना पकडणे.

घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची गोष्ट निराळी. यांच्या लसीचे संरक्षण कालांतराने ओसरते, म्हणून उजळणी लागते. धनुर्वात तर माणसाकडून माणसाकडे जातच नाही. त्याचे बीज मातीत असते. तेथे शेजाऱ्याने घेतलेल्या लसीचा आपल्याला काहीही उपयोग नाही. ज्याने घेतली नाही, तो पूर्णपणे उघडा आहे.

लसीचे गुणगान करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे, हे सांगण्यासही देवासच योग्य स्थळ आहे. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली कोरड्या हवेसाठी येथे आले, कित्येक वर्षे गाण्यावाचून अंथरुणावर राहिले, आणि नव्या औषधांनी बरे होऊन १९५३ च्या सुमारास पुन्हा मैफलीत बसले. मराठी रसिकांना ही कथा मुखोद्गत आहे. भारतात बीसीजीचा प्रारंभ त्याच १९४८ सालचा. परंतु बीसीजी सर्व क्षय थांबविते असे म्हणता येत नाही. मद्रासजवळ चेंगलपट्टू भागात १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिल्याचे दिसले नाही. तान्ह्या मुलांना होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्वांगात पसरणारा क्षय यांपासून मात्र ती वाचविते. म्हणून ती जन्मतःच द्यावयाची. प्रत्येक लसीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही सांगितली, तर लोकांचा विश्वास अधिक टिकतो.

आठवा दिवस अजून सरलेला नाही

आजच्या धार जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. भिल्ल, भिलाला कुटुंबे पावसाळा सरला की मजुरीसाठी गुजरातकडे आणि इतरत्र जातात, आणि होळीच्या सुमारास भगोरियाला परततात. मुलाला पहिला डोस कुक्षीजवळच्या एखाद्या पाड्यात मिळतो. दुसऱ्याची तारीख येते तेव्हा ते दीडशे कोसांवर, एखाद्या वीटभट्टीच्या किंवा बांधकामाच्या कडेला झोळीत झोपलेले असते. गावच्या आशा कार्यकर्तीच्या वहीत ते 'बाहेरगावी' असते आणि जेथे ते असते तेथील वहीत त्याचे नावच नसते. संस्थानी काळातील दोन हद्दींच्या मधली फट आज दोन वह्यांच्या मध्ये आली आहे.

आठव्या दिवशी न येणाऱ्या त्या आईची आठवण येथे ठेवावयास हवी. आजच्या आईजवळही कारणे असतात. लस टोचल्यावर मुलाला एक-दोन दिवस ताप येतो. ते किरकिरते, कडेवरून उतरत नाही, आणि तिचा रोज बुडतो. ताप येणार हे आधी कोणी सांगितलेले नसले, तर ती पुढच्या वेळी येत नाही. तिला अडाणी म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. तापाची कल्पना आधी देणे, औषध हाती ठेवणे, कामाच्या जागी जाऊन टोचणे आणि जुने कार्ड कोणत्याही जिल्ह्यात ग्राह्य धरणे, हे त्याचे उपाय आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुषने सुटलेल्या मुलांना शोधण्यावर भर दिला तो याच जाणिवेने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मध्य प्रदेशात एक ते दोन वर्षे वयाच्या पूर्ण लसीकृत बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते सुमारे ७७ टक्के झाले. ही प्रगती मोठी आहे. पण उरलेले तेवीस टक्के कोण, हा १९६० च्या दशकाने शिकविलेला प्रश्न तिच्या पाठोपाठ विचारावाच लागतो.

आणि चुकणारी मुले सगळीच गरिबांची असतात, असेही नाही. शहरांतील सुशिक्षित घरांत पहिल्या वर्षाच्या लसी उत्साहाने होतात आणि त्यानंतर कार्ड कपाटात जाते. दीड वर्षाची उजळणी राहते, पाचव्या वर्षाची शाळाप्रवेशाच्या धांदलीत विसरते, दहाव्या वर्षाची तर ऐकूनही माहीत नसते. या घरांनी घटसर्पाने गुदमरणारे मूल पाहिलेले नाही. पोलिओने लुळा पडलेला पाय त्यांना आता क्वचितच दिसतो, कारण देशातील वन्य पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त प्रमाणित झाला. रोग दिसेनासा झाला की त्याचे भय जाते आणि भय गेले की शिस्त सैल पडते. २०२० च्या टाळेबंदीत लसीकरणाची सत्रे खंडित झाली. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि बालके दगावली. मुंबईत रुग्णालयांची वाण नव्हती; तेथील कित्येक मुलांचे डोस राहिले होते.

येथे पालकांच्या उपयोगाची एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. क्रमात खंड पडला म्हणजे सारे वाया गेले, अशी समजूत आहे आणि त्या संकोचाने अनेक जण पुन्हा दवाखान्यात जात नाहीत. ती समजूत चुकीची आहे. घेतलेले डोस वाया जात नाहीत. राहिले तेथून पुढे क्रम चालू करता येतो, पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. काही लसींना वयाची मर्यादा आहे, म्हणून विलंब वाढवू नये इतकेच. साधी सर्दी किंवा किंचित कणकण हेही लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. उशीर झाला म्हणून बोलणी खावी लागतील, या भीतीने आई परत फिरणार नाही अशी वागणूक तिला मिळणे, हा या कार्यक्रमाचा लसीइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

इतिहासाकडे पाहता असे दिसते की, लसीचे रूप बदलत गेले, पण तिची अट बदलली नाही. १८०२ साली ती मुलांच्या दंडांवर जगत होती आणि मुले परत आली नाहीत तर मरत होती. आज ती शीतपेटीत सुरक्षित असते. परंतु तिने निर्माण केलेले संरक्षण अजूनही मुलांच्या अंगांतच राहते आणि पुरेशी मुले परत आली नाहीत तर तेही विरून जाते. अ‍ॅना डस्टहॉलच्या दंडापासून निघालेली साखळी तुटली नाही म्हणून आपल्या पिढ्यांना देवी आल्या नाहीत.

देवासच्या टेकडीवर आजही नवरात्रात लाखोंची गर्दी होते. आया मुलांना कडेवर घेऊन पायऱ्या चढतात आणि त्याच्या आयुष्याचे मागणे मागतात. त्या मागण्यात उणे काहीच नाही. टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येक घरात मुलाचे लसीकरणाचे कार्ड असते किंवा असावयास हवे. त्यावरील रिकामी चौकट कोणत्या तारखेची आहे, हे या आठवड्यात एकदा उघडून पाहावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. घरी काम करणाऱ्या बाईच्या, शेतावर येणाऱ्या मजुराच्या आणि शेजारच्या बांधकामावर झोळीत निजलेल्या मुलाच्या कार्डाची विचारपूसही त्याच वेळी व्हावी.